परिचय, अर्ध्या पानात

सत्कार समितीचे चिटणीस म्हणाले,
अर्ध्या पानात बसवा,
जन्मसाल, पुरस्कार, चित्रपटाचं नाव ठळक अक्षरात.
म्हणून बसलोय. पान कोरं आहे.
मी तिचा प्रॉम्प्टर. सव्वीस वर्षं
दुसऱ्याचे शब्द कुजबुजले,
स्वतःचे कधी लागलेच नाहीत.

हेमलता गायखे. मूळ गाव पळसे.
नोटांच्या प्रेसमध्ये तपासनीस:
करकरीत गठ्ठ्यांतून चुकलेली नोट हुडकायची
आणि सायरन झाला की गेटवर झडती देऊन
नाशिकरोडहून शालिमारची सिटी बस.
बसमध्ये ती पाठ करत नसे, झोपत असे.
तालमीला पोचली की
पोटातून काढल्यासारखे संवाद निघायचे.

बाविसाव्या वर्षी तिने सासू केली,
बत्तिसाव्या वर्षी त्याच नाटकात सून.
कामगार स्पर्धेत एकदा हवालदारच आला नाही,
कसाऱ्याला गाडी अडकली होती.
तिने केस टोपीत कोंबले, काजळाची मिशी काढली
आणि स्वतःलाच अटक केली;
म्हणजे तिचं पात्र विंगेच्या आत रडायचं,
बाहेर येऊन तीच दरडावायची.
परीक्षकांनी उत्तेजनार्थ दिलं. हवालदाराला.

पहिल्या सिनेमात अकरा सेकंदांची नर्स.
प्रेसमधल्या बायकांनी तीन रांगा भरल्या.
ट्रे दिसला, इंजेक्शन दिसलं, चेहरा अर्धाच आला.
रांगांनी त्या अर्ध्या चेहऱ्याला शिट्ट्या मारल्या.
मग मालिकेतली कपटी आत्या, दोन वर्षं, रोज रात्री.
रविवार कारंजावरच्या भाजीवालीने
दिलेली कोथिंबिरीची जुडी परत ओढून घेतली.
ही म्हणाली, लिहून ठेव, हे मानपत्र.

मखमलाबाद रोडचा प्लॉट विकून
तिने कॅमेरा लावला तो आमच्या काळोखावर.
दोर ओढणारा बबन, इस्त्रीवाला, वही धरलेला मी.
अख्ख्या चित्रपटात रंगमंच एकदाही दिसत नाही,
नुसता त्याचा उजेड आमच्या गालांवर येतो-जातो.
वितरक म्हणाला, बाई, कॅमेरा उलटा लागलाय.
ती म्हणाली, हो.
तीन दिवस चालला, सकाळच्या खेळाला.
शनिवारी नऊ जण होते, त्यातले चार आम्हीच.

एक गोष्ट तुम्ही छापणार नाही.
कालिदासला, तिसऱ्या अंकात, ती थांबली.
हात खुर्चीच्या पाठीवर. मी मोजत होतो,
चार, पाच, सहा.
वाटलं, गेली ओळ. मी दिली,
आणि घाबरून दिली म्हणून
तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेली.
आठ दिवस माझ्याशी अबोला.
नवव्या दिवशी गेटवर डब्यातलं थालीपीठ पुढे करून म्हणाली,
"विसरले नव्हते रे. थांबले होते."

तेव्हापासून माझ्या वहीत
विसरण्याला टिंब,
थांबण्याला आडवी रेघ.

चित्रपटाला आता चार वर्षं झाली.
गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर असते,
कुंडीत गवती चहा लावलाय, फोन उचलत नाही.
लोक मला विचारतात, बाईंचं संपलं का?
चिटणीस, तुम्हीसुद्धा म्हणालात,
शेवटच्या वाक्यात "प्रदीर्घ वाटचालीअखेर" घाला.

मी पेन्सिल घेतली, टोक केलं,
तिच्या नावाखाली एक रेघ ओढली. आडवी.
खालची जागा रिकामी राहतेय, राहू दे.
या वेळी ओळ मी देणार नाही.